विरोधात कुणीच नाही

साल एकोणीसशे अडुसष्ट. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता आणि आमदारबाई उपाहारगृहात एकट्याच गार चहाकडे बघत बसल्या होत्या. शेजारच्या सभागृहात हात मोजले जात होते. तेव्हा मतांची यंत्रं नव्हती.

विधेयक साधं होतं. खडी फोडण्याच्या कारखान्यांत ज्यांची फुप्फुसं धुळीने गेली, त्यांना औषधपाणी आणि पेन्शन. बहुमत बाजूने होतं, पण कारखानदारांची माणसं चर्चा संपूच देत नव्हती. एक बसला की दुसरा उठायचा. एकाने तर दगडांच्या जातींचं वर्णनच करायला घेतलं. आज चर्चा थांबली नाही, तर अधिवेशनाबरोबर विधेयकही गुंडाळलं जाणार होतं. आणि ती थांबवायची तर नियम असा, की सभागृहातल्या शंभरांपैकी साठ जणांनी हात वर करायचा. विरोधातले हात कुणी मागतच नसे. जो हजर नाही, तो आपोआप विरोधात.

बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. सकाळी पक्षाचे पुढारी दादा व्हरांड्यात भेटले होते.

"विरोधात जा असं मी कुठं म्हणतोय? नुसता चहा प्यायला जा. पुढच्या विस्तारात आरोग्य खातं तुमचंच."

मंत्री झाले की हेच विधेयक मी स्वतः आणीन, अशी बाईंनी मनाची समजूत घातली. मनाने ऐकलं. चहा मात्र तसाच गार झाला.

वर प्रेक्षकांच्या गॅलरीत त्यांचा धाकटा दीर बसला होता. उभी हयात त्याने खडीच्या कारखान्यात घालवलेली. आता जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्याला थांबावं लागे. निवडणुकीत त्यानेच खळ शिजवून वहिनीची पोस्टरं भिंतीभिंतीवर चिकटवली होती.

एकोणसाठ हात वर झाले. विधेयक पडलं.

दीर धापा टाकत खाली आला. मागे त्याच्यासारखेच खोकणारे त्याचे सोबती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

"अगं वहिनी, तोंड का पाडलंस?" तो हसला. "तू काय विरोधात हात वर केलास? कुणीच नाही केला. आमचंच नशीब फुटकं. चल, पाज चहा."

सोबत्यांनी माना डोलावल्या. बाईंच्या जिवात जीव आला. बिचाऱ्यांना नियम ठाऊक नाही! त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, वर बिस्किटंही मागवली.

दादा पुढे लागोपाठ निवडणुका हरले आणि आत्मचरित्र लिहीत बसले. ते छापायला कुणी धजलं नाही. बाईंना खातं मिळालं, पण आरोग्याचं नव्हे, बागबगीच्यांचं. विधेयक काही वर्षांनी दुसऱ्याच कुणी आणलं आणि ते मंजूर झालं. दीर त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला. त्याचे उरलेसुरले सोबती रस्त्यात भेटले की "वहिनी, बऱ्या आहात ना?" म्हणून आवर्जून विचारत. भोळी माणसं, असं बाईंना दर वेळी वाटे.

धाकटी जाऊ म्हातारपणी लेकीकडे राहायला निघाली. निरोप घेताना तिने बाईंचा हात हातात घेतला.

"ताई, त्या दिवसाचं आता मनातून काढून टाका."

"कुठल्या दिवसाचं?"

"हात मोजले त्या दिवसाचं. गॅलरीत सोडतानाच शिपायाने सगळ्यांना सांगितलं होतं, रिकामी खुर्ची विरोधात धरतात. तुमची खुर्ची वरून समोरच दिसत होती. माणसं चिडली होती हो. जिना उतरताना ह्यांना शब्द फुटत नव्हता, इतका दम लागलेला. तरी ह्यांनी थांबून थांबून एकेकाला बजावलं, 'वहिनीला कुणी काही बोलायचं नाही. तिला फार लाज वाटत असेल.'"