एका मताचा फरक

“कोण होतं ते?” रेनाटाने विचारलं.

स्टश कोव्हालिकने हातातली कागदी थाळी खाली ठेवली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अंत्यविधीनंतरचं जेवण चाललं होतं. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. हॅम, बटाटे, कोबी घातलेले नूडल्स. लोक हळू आवाजात बोलत होते.

“कशाबद्दल म्हणतेस, पोरी?”

“दफनभूमीत राज्य सरकारचा माणूस भेटला. म्हणाला, विषारी रसायनांच्या प्रशिक्षणासाठी तुमच्या दलाला अनुदान मंजूर झालं होतं. सगळा खर्च ते करणार होते. आणि तुम्ही मतदान करून ते नाकारलंत. एका मताने.”

स्टशने तिच्याकडे पाहिलं नाही. दलाचा बंब तो चालवायचा. शेजारच्या सीटवर कायम एमिल हुडाक, दलाचे चीफ, रेनाटाचे वडील.

“हॉलमधलं मतदान हॉलमध्येच राहतं. नियम आहे आमचा.”

“माझे बाबा गेलेत, स्टशकाका.”

गावच्या पाणीपुरवठा केंद्रात क्लोरिनची टाकी फुटली होती. आत एक कामगार बेशुद्ध पडला होता. एमिल आत गेले, आपला श्वसनाचा मुखवटा त्याच्या तोंडावर चढवला आणि जमिनीलगत सरपटत त्याला ओढत बाहेर आणलं. आगीत धूर वर चढतो, म्हणून जमीन धरायची, हे त्यांनी दलात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. क्लोरिन जमिनीलगतच साचतो. कामगार वाचला.

“हे त्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात,” रेनाटा म्हणाली. “मी विचारलं त्याला.”

स्टश टेबलावर सांडलेलं मीठ बोटाने गोळा करू लागला.

“मी होतो,” तो म्हणाला. “हरणांच्या शिकारीचे दिवस. माझं डोकं तिकडे. म्हटलं, या वयात कुठे शाळेत जाऊन बसायचं?”

“आज सकाळी त्यांच्या शवपेटीला खांदा दिलात तुम्ही.”

“दिला.”

“द्यायला नको होता.”

स्टशने मान हलवली.

रेनाटा स्वयंपाकघरात गेली. वर्ना एकटीच मोठी पातेली घासत होती. दलाची चिटणीस तीच, स्वयंपाकीणही तीच.

“रात्री झोप लागली का, बाळ?”

“लागली. बाबांनी माझ्या पलंगावर धुतलेल्या चादरी घालून ठेवल्या होत्या.” रेनाटाने फडकं घेतलं आणि पातेलं पुसायला लागली. “नाताळनंतर काल पहिल्यांदा त्या खोलीत पाय ठेवला. ऑफिसात माणसं कमी केली, सगळं माझ्यावर आलं. दर वेळी येते म्हणायचे, पण फिलाडेल्फियाहून निघणंच व्हायचं नाही.”

“चीफ कधी तक्रार करायचे नाहीत.”

“ते कशाचीच करायचे नाहीत.” ती थांबली. “स्टशने सांगितलं मला. त्याच्या मतामुळे अनुदान गेलं.”

वर्नाचे हात फेसात थांबले.

“शिकारीची गोष्ट सांगितली असेल. कसली हरणं? गुडघ्याचं ऑपरेशन करून इस्पितळात पडला होता तो. बैठकीला नव्हताच. थापाड्या आहे एक नंबरचा. बोटाएवढा मासा धरला तर हातभर सांगेल.” तिने नाक मनगटाला पुसलं. “मी विरोधात हात वर केला होता. म्हटलं, कागदपत्रं वाढतील आणि ती मलाच भरावी लागतील. त्या म्हाताऱ्याला काही बोलू नकोस. बोलायचं ते मला बोल.”

रेनाटा बोलणार, तेवढ्यात मागच्या दारातून दलातला डेनी आत आला. त्या दिवशी एमिलना बाहेरून हात देऊन ओढणारा तोच. त्याने सगळं ऐकलं होतं.

“पुरे, वर्ना. रेनाटा, माझं मत होतं ते.”

“अरे वा,” रेनाटा म्हणाली. “एका मताला इतके मालक? अजून कोण आहे बाहेर? रांग लावायला सांग.”

डेनीने मागचं दार लोटून घेतलं.

“कुणाला पाठीशी घालताय तुम्ही सगळे? नाव सांगा मला. मी काही करणार नाही. फक्त त्याला विचारायचंय, माझ्या बाबांच्या जिवापेक्षा मोठं असं काय होतं तुझ्याकडे?”

“डेनी, नको,” वर्ना म्हणाली.

“तिला आयुष्यभर आमच्यापैकी एकेकाकडे संशयाने बघत बसू द्यायचं का?” डेनीने टोपी काढून हातात घेतली. “निम्मे हात वर गेले, निम्मे खाली राहिले. बरोबरी झाली की चीफचं मत.”

“मग तर झालंच. बाबांनी हो म्हटलं असणार. अर्जही त्यांनीच केला असेल.”

“त्यांनीच केला होता. आमच्या मागे लागले होते वर्षभर.” डेनी जमिनीकडे बघत होता. “पण वर्ग कधी ते त्या बैठकीतच कळलं. राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, वसंतातले सगळे शनिवार-रविवार. आणि चीफने स्वतः हजर राहायचं, अशी अट.”

“मग?”

वर्नाने नळ बंद केला. पुढचं तिनेच सांगितलं.

“चीफ म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. या वसंतात शनिवार-रविवार माझी मुलगी घरी येणार आहे.”