न्हाणीमागची वेल

मीनल ओल्या केसांनीच पेज वाढत होती. नखांची खरखर ऐकू आली. दीर दोन्ही हात ओरबाडत होता.

“रात्रीचं अळू कच्चं राहिलं गो तुझं,” सासू म्हणाली. “चिंचेला हात आखडतेस.”

“अळवाने घसा खाजतो, आई,” मीनल म्हणाली. “हात सोलून निघतात ते खाजकुइलीने. तिला चिंच नाही, कोरडी राख लागते. पाण्याने आणखीच भडकते.”

न्हाणीच्या खिडकीतून कुणीतरी बघतं, हे तिचं बोलणं घराने हसण्यावारी नेलं होतं. तेव्हापासून तिने एक वेल कुणाला उपटू दिली नव्हती. शेंगा पिकेपर्यंत जपली होती.

चुलीतली गार राख तिने दिरापुढे सरकवली.

लेकीने वाटीतून तोंड वर काढलं. “आई, खाजकुइली तर न्हाणीच्या खिडकीखाली आहे ना? काका तिथे कशाला गेला?”