कमिशन

मंदीच्या त्या साली कॅन्ससात रोकड कोणाकडेच नव्हती, म्हणून शेतीच्या मासिकाची वर्गणी कोंबडीवर भागे. गावोगाव एजंट नेमणारा ऑर्विल मोटारीमागे खुराडं बांधूनच फिरे. त्यानं थेल्माला हेरलं. नवरा परागंदा, पदरात तीन पोरं. असं भांडवल गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

"तुम्हाला दारातून कोण परत पाठवणार, बाई? पण शनिवारपर्यंत एक तरी गिऱ्हाईक हवं, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला."

शनिवारी थेल्मानं तांबडी कोंबडी पुढे केली.

"वा! गिऱ्हाइकाचं नाव?"

"माझंच."

"अहो, ही तर तुमची शेवटची!"

"गावात दुसरी उरलीय कुठे? एजन्सी तेवढी काढू नका, साहेब."

ऑर्विलनं खुराडं उघडलं. "आणि तुमचं कमिशन?"

"ते सकाळीच घेतलं. तिचं आजचं अंडं पोरांना वाटून दिलं."