कुलदीपनं वाजवलेलं गाणं

कुलदीपच्या गळ्यात हार पडला आणि अक्षदाला शिसारी आली.

तुळजापुरातल्या एका लॉजच्या हॉलमध्ये देवीच्या नव्या गाण्याचं प्रकाशन होतं. स्टुडिओचा मालक कृष्णराज माइकला चिकटला होता. "या गाण्याची बेस गिटार आमच्या कुलदीपनं वाजवलीय. असा हात आपल्या जिल्ह्यात आजवर झाला न्हाय!" टाळ्या पडल्या. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत पहिल्या रांगेत बसलेल्या अक्षदाचे हात काही उचलले नाहीत.

अकरा वर्षं ती याच कृष्णराजच्या स्टुडिओत बेस वाजवत होती. देवीची गाणी, खंडोबाची, हळदीची, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचीसुद्धा. दोन हजारांच्या वर गाणी झाली, नाव एकावरही नाही. व्हिडिओत गिटार धरायला कुणीतरी दाढीवाला उभा करायचे. त्या शहाण्याची बोटं तारांना लागतही नसत. अक्षदा कधी चकार शब्द बोलली नाही. वाजवायला मिळतंय ना, मग झालं.

दीड महिन्यापूर्वी सासूनं, कडूबाईनं, हौसेनं तिचं डोहाळजेवण केलं. कासारणीनं मनगटात गच्च हिरव्या बांगड्या भरल्या. "बाळंत होईस्तोर काढायच्या न्हायत बग," कडूबाईनं बजावलं. एरवी अक्षदा बांगड्या उतरवून वाजवायची. या वेळी, याच देवीच्या गाण्यासाठी, त्यांच्यावर रुमाल बांधून स्टुडिओत गेली. सगळं नीट चाललं होतं. नेमका अंतऱ्याआधी रुमाल सरकला आणि काच तारेला लागली. किण्ण!

कृष्णराज उखडला. "काच वाजली की ओ बाई! वाया गेलं सगळं. पुसून टाकतो अन् कुलदीपकडनं नव्यानं वाजवून घेतो. तुमी आता घरी बसा. हितनं पुढं कुलदीपच वाजवंल."

चूक आपलीच, असं धरून अक्षदा घरी येऊन रडली. कडूबाईशी तर आठ दिवस धड बोलली नाही. त्या बांगड्यांपायी हातचं काम गेलं होतं.

आता हॉलमध्ये गाणं लागलं. बेस सुरू झाली तशी ती चमकली. चाल उचलली मेल्यानं, तिला वाटलं. उचलू दे. मग मुखडा संपला, आणि अंतऱ्याआधी स्पीकरमधून बारीक आवाज आला. किण्ण.

तिचीच बांगडी! पुसलंच नव्हतं. स्टेजवरच्या त्या दोघांची किळस आलीच, पण त्याहून जास्त आली ती घरी बसून रडणाऱ्या स्वतःची. ती उठली. "बस गं, पोटुशी हायस," शेजारी बसलेल्या कडूबाईनं पदर ओढला. पदर सोडवून अक्षदा स्टेजवर चढली आणि तिनं कृष्णराजच्या हातातला माइक काढून घेतला.

"गाणं परत लावा," ती म्हणाली. "अंतऱ्याच्या आधीपासून."

साउंडवाल्यानं लावलं. किण्ण. सगळ्या हॉलनं ऐकलं. अक्षदानं हिरव्यागार बांगड्यांचा हात वर धरला आणि हार घातलेल्या कुलदीपकडं वळून विचारलं,

"कुलदीपराव, तुमचं डोहाळजेवण कधी झालं?"