तिसऱ्या वळणावरचा खडा

"अहो, थांबा ना जरा, बुटात खडा गेलाय." टेकडीच्या तिसऱ्या वळणावर मृणाल रोज म्हणायची. विलास हसून पुढे जायचा. रोज दहा हजार पावलांचा नेम होता त्याचा.

ती गेली त्याला आज वर्ष झालं. लेकीने, ऋताने, बाबांबरोबर टेकडी चढण्यापूर्वी आईचा मनगटी पट्टा हट्टाने स्वतःच्या हाताला बांधला. मृणालची चाल, तिचा श्वास त्यात साठलेला. बांधणाऱ्याच्या अंगात ते दोन्ही जसेच्या तसे उतरत. ऋता आईसारखीच तुरुतुरु चढली, आणि तिसऱ्या वळणावर छाती धरून मटकन खाली बसली.

"बाबा, खडा कसला! आईला धाप लागायची," पट्टा सोडत ती म्हणाली. "तुला कधीच कळलं नाही?"

विलास तिच्याशेजारी टेकला.

"कळत होतं गं. नेम मोडायचा नव्हता मला."