वजनाचा टाका

"कात्रीनं कापला व्हय?" अक्कम्माने विचारलं.

"हो काकू. घाई होती. बकल उघडेना." श्रीशैलसोबत चढाई करणाऱ्या अंजूने त्याचा कमर-मांड्यांना बांधायचा हार्नेस शिलाई मशीनवर ठेवला. बदामीच्या कड्यांवरून सगळे पहाटेच परतले होते. तिचे डोळे लाल होते.

अक्कम्माने पट्टा बोटांत धरून पाहिला. कमरेपाशी सरळ काप गेला होता आणि धागे पिंजारले होते. तिने मेणबत्ती लावली, कापलेली टोकं ज्योतीजवळ धरली. नायलॉन वितळून कडेला कडक झालं. आता उसवणार नव्हतं. ही युक्ती तिच्या मुलाची, श्रीशैलचीच.

राजेश्वर गावात तिच्याकडे झंपर आणि शाळेचे गणवेश शिवायला यायचे. मुलगा विद्यापीठात गेला, कडे चढायला लागला, तेव्हापासून मशीनवर वेगळंच कापड येऊ लागलं. तंबूचं फाटलेलं छत, पाठपिशवीचे बंद, खडूच्या भुकटीची थैली. मायलेक मिळून सगळं घरी दुरुस्त करायचे. एक नियम मात्र त्याने पहिल्याच दिवशी घालून दिला होता.

"अव्वा, खिसा शिव, पिशवी शिव, तंबू शिव. पण जीव ज्याच्यावर लटकतो, तो वजनाचा टाका घरी घालायचा न्हाई."

तिने तो कधी घातला नव्हता.

"काकू," अंजू हळूच म्हणाली, "हा टाका तो तुम्हाला घालू द्यायचा नाही."

"व्हय. आज न्हाई म्हणला न्हाई त्यानं."

अंजूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ओसरीवर श्रीशैल भिंतीला टेकून बसला होता. अंघोळ झाली होती. अंगात नवा सदरा, कपाळावर विभूती. मान जराशी डावीकडे कलली होती. लहानपणापासून दमला की ती तशीच कलायची. मित्र त्याच्याभोवती बसले होते. कुठे उतरायचं असलं की ही पोरं अशीच गप्प होऊन जात.

शिवशंकरप्पा दारात आले. श्रीशैलचे थोरले चुलते.

"अक्कम्मा, मशीन कामून चालवायलीस या वक्ताला? मठाचे स्वामी मळ्यात येऊन बसल्यात."

"जरा थांबा, भावजी."

"आपल्या घरातले समदे धोतराच्या झोळीत उतरल्यात. ही सर्कस कशापायी?"

"झोळीचं नाव काढू नका."

श्रीशैलचा बाप, बंडेप्पा, त्याच मळ्यात धोतराच्या झोळीत उतरला होता. अर्ध्यात गाठ सरकली. तो एका कुशीवर आदळला. खालून आलेला तो आवाज अक्कम्माच्या कानातून कधी गेला नाही. श्रीशैल तेव्हा शाळकरी होता, तिचा पदर धरून काठावर उभा. घरी आल्यावर तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "गाठ कुणी बांधली व्हती?"

त्यानंतर घरातला एकही दोर त्याने सोडला नाही. खाटेच्या पायाला, म्हशीच्या दाव्याला, दिसेल तिथे गाठी मारत बसायचा.

"त्याला धक्का बसू द्यायचा न्हाई," अक्कम्मा म्हणाली. "ताठ बसून उतरला पायजे. मला आणखी कायबी नको."

"बरं बाई, शिव. पण ऊन उतरायच्या आत उरक."

तिने जाड सुई लावली. जुन्या पाठपिशवीचा पट्टा कापून कापाखाली दुहेरी घातला. थर जाड झाले, पायडल चालेना. तेव्हा हातानेच चाक फिरवत तिने चौकोन शिवला, चौकोनात फुली, आणि फुलीवरून पुन्हा मागेपुढे टाके. सुई प्रत्येक टाक्याला कण्हत होती. मग तिने उरलेला पट्टा घेतला.

"हा कुठं लावताय?" अंजूने विचारलं.

"छातीला."

"छातीचा पट्टा तो कधीच लावायचा नाही. हात अडकतात म्हणायचा."

"आज लागतो."

शिवून झाल्यावर तिने हार्नेस आढ्याच्या कडीला अडकवला आणि त्यात तुरीचं पोतं बसवलं. शिवशंकरप्पा पुढे झाले, पोत्यावर दोन्ही हातांनी रेलले.

"धरलंय की गं! हत्ती बसला तरी तुटायचा न्हाई." ते हसायला गेले आणि पोत्यावरचे हात काढून मागे सरले.

हार्नेस तिने स्वतः त्याला चढवला. मांडीचे पट्टे आवळले, छातीचा आवळला. पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते पाहिलं, त्याने शिकवलं होतं तसं. मग त्याची मान सरळ केली.

मळ्यात लिंबाच्या बुंध्याला दोराचा वेढा दिला होता. सुट्टीत श्रीशैल याच लिंबावर सराव करायचा आणि दोर अक्कम्माच्या हातात असायचा. जमिनीला टेकला की ओरडायचा, "पोचलो अव्वा, दोर सोड!" ती हाक आल्याशिवाय तिने कधी हात ढिला केला नव्हता.

आज दोर अंजूच्या हातात होता. श्रीशैलचा जोडीदार सुनीलकुमार आधीच खाली उतरून थांबला होता.

"सावकाश," अक्कम्मा म्हणाली.

दोर इंचाइंचाने सुटत गेला. टाका कुरकुरला, पण त्याने धरलं. श्रीशैल ताठ बसलेला, तसाच खाली गेला. सुनीलकुमारने हात वर करून त्याला अलगद घेतलं. धक्का बसला नाही. कसलाच आवाज आला नाही.

अक्कम्मा काठावर वाकून हाकेची वाट पाहत राहिली. अंजूने दोर घट्ट धरून ठेवला होता. तीही वाट पाहत होती.

सुनीलकुमार वर चढून आला.

"पोचला. दोर सोड, पोरी," शेवटी अक्कम्माच म्हणाली, आणि असंच बसवून पुरलेल्या नवऱ्याच्या समाधीशेजारी खणलेल्या त्या खड्ड्यात, ताठ बसलेल्या आपल्या लेकावर तिने मातीची पहिली मूठ टाकली.