उशाखालची सुरी

सकाळी भेंडी चिरायला घेतली, तर विजयश्रीला सुरी सापडेना. "काल चाकणला कंपनीत ग्राइंडरवर धार लावून आणलीय तिला," बूट घालता घालता तिचा नवरा ज्ञानेश कौतुकानं म्हणाला, "आता जपून वापर. नुसती टेकवली तरी कापतीय." तेवढ्यात आतून सासूबाई आनंदानं ओरडल्या, "आगं, ये की लवकर! बाळ पालथं पडलं बघ!" सुरी कुठं असेल ते विजयश्रीला एकदम उमगलं. लोखंड जवळ असलं की लेकरू दचकत नाही, म्हणून सासूबाई रोज रात्री तीच सुरी बाळाच्या उशाखाली ठेवायच्या आणि सकाळी ओट्यावर आणून द्यायच्या. तिनं कधी अडवलं नव्हतं; त्या बोथट सुरीनं टोमॅटोसुद्धा धड कापला जात नव्हता. दोघं आत धावले. उशी बाजूला सरकली होती आणि पालथं पडलेलं बाळ चमकणाऱ्या पात्याकडे हात पुढं करत होतं. ज्ञानेशनं झडप घालून हाताला येईल तिथं सुरी पकडली. मुठीत पातंच आलं. बाळाला ओरखडाही नव्हता. गादीवर बापाचं रक्त ठिबकत होतं. विजयश्रीनं बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं. सासूबाईंनी खाली पडलेली सुरी उचलली, पदरानं पुसली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "बघितलंस? ही उशाशी व्हती म्हणूनच लेकराला काय झालं न्हाई."